बोटभर जागा

माआमे एवुसिवाने अंगठीचं बोट दोन भिंतींमधल्या फटीत घातलं. अंगठीसकट आत गेलं.

"हे बुजवायचं राहिलं," ती म्हणाली.

"राहिलं नाही आई, ठेवलंय," एकुवा म्हणाली. "जुनी भिंत दगडाची, नवी काँक्रीटची. उन्हात दोघी आपापल्या परीने फुगतात. घट्ट चिकटवल्या तर एक दुसरीला फोडेल. म्हणून बोटभर जागा."

"बघा गं. फटीला जागा म्हणायला विद्यापीठात शिकवतात!"

मागे पांढऱ्या झग्यातल्या बायका खुसखुसल्या. एकुवाने हसून घेतलं. विद्यापीठाचं हे जुनं प्रार्थनागृह पाडायचंच ठरलं होतं. तिने नकाशे काढले, भांडली, तीन भिंती वाचवल्या. समुद्राकडची चौथी तडकलेली होती. ती काढली आणि तिथून पुढे काचेचं, उंच छताचं नवं सभागृह जोडलं. केप कोस्ट शहरभर कौतुक झालं. घरात मात्र नाही. त्याच चौथ्या भिंतीला टेकून तिच्या आईने उभा जन्म गाणी उचलली होती.

"तुझ्या काचेत मी गाणार नाही," पाया खणला त्या दिवशी आई म्हणाली होती. माआमे एकदा बोलली की बोलली.

आज नव्या वास्तूतली पहिली प्रार्थना. पाद्री, ऑसोफो अमिसा, नव्या बाजूच्या व्यासपीठावर चढले. माआमे फटीच्या अलीकडे, जुन्या बाजूला बसली.

ऑसोफोंचं प्रवचन एकट्याचं कधीच नसायचं. ते रंगात येत आणि नेमके वाक्याच्या मध्यावर थांबत. मग बायकांतून गाणं उठे. शब्द तिथल्या तिथे सुचलेले. बाकीच्या झेलत, आणि ऑसोफो त्या गाण्यावर पाय ठेवूनच पुढच्या वाक्यात जात. पहिलं गाणं माआमेचं. तिच्याआधी तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती.

"बंदिवासातून लोक परत आले," ऑसोफो सांगत होते. "पडलेल्या मंदिराच्या जागी नवं बांधायला घेतलं. पाया बसला. तरुण पोरं आनंदाने ओरडली! आणि ज्या म्हाताऱ्यांनी पहिलं मंदिर पाहिलं होतं, त्या म्हाताऱ्यांनी..."

ते थांबले.

वरचे पंखे फिरत राहिले. बाकी काही नाही.

ऑसोफोंनी कपाळ पुसलं. "म्हाताऱ्यांनी म्हणतो मी, ज्यांनी पहिलं पाहिलं होतं, त्यांनी..."

पुन्हा थांबले. माआमे मांडीवर रुमालाची घडी घालत होती. घातलेली मोडून पुन्हा घालत होती. शेजारच्या अराबाने कोपर मारलं.

"अगं, त्यांना किती वेळ टांगून ठेवशील?"

"काच आहे ना एवढी मोठी. तिला गाऊ दे."

एकुवा शेवटच्या रांगेच्या मागे उभी होती. छत गळलं असतं तर तिने दुरुस्त केलं असतं. याला काय करायचं ते तिला कळेना. ती खाली बघू लागली.

"रडले हो," शेवटी ऑसोफो स्वतःच म्हणाले. आवाज बसला होता. "मोठ्याने रडले. आणि पोरांचं ओरडणं कुठलं नि म्हाताऱ्यांचं रडणं कुठलं, लांबून कोणाला कळेना." मग त्यांनी हात टेकले आणि जुन्या बाजूला पाहिलं. "एवुसिवा, बाई, मीही म्हाताराच आहे. मला घोटभर पाणी तरी पिऊ दे!"

सगळं सभागृह हसलं. हसू नव्या छताला जाऊन लागलं, तिथून उतरून जुन्या दगडांवर आलं, आणि दगडांनी ते परत दिलं. पूर्वी द्यायचे तसंच, जरासं घोगरं करून.

माआमेची मान वर झाली. तिने मागच्या दगडांकडे पाहिलं, मग समोरच्या काचेकडे. रुमाल तिच्या हातातच राहिला. ती उठलीसुद्धा नाही. बसल्या जागेवरून तिने सूर उचलला.

"इतकं घट्ट नको धरूस, प्रभू, फुटेन मी.
बोटभर जागा ठेव.
तिथूनच तू ये."

"बोटभर जागा!" अराबाने झेललं. "बोटभर जागा!" सगळ्या बायका उठल्या, पांढरे रुमाल हवेत गेले, नव्या बाजूचे विद्यार्थीही टाळ्यांवर आले. ऑसोफोंनी पेला तोंडाला लावला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, रिकामा केला.

शेवटच्या रांगेमागे एकुवाला समोरचं काही दिसेनासं झालं होतं.

दुपार झाली तेव्हा लोक पांगले होते. काचेवर ऊन रणरणत होतं. मायलेकी दाराकडे निघाल्या.

"गाण्यात आलं म्हणजे पटलं असं समजू नकोस," माआमे म्हणाली.

"नाही समजत, आई."

"भिंत माझी होती ती."

"हो."

जाता जाता माआमे थबकली. तिने बोट पुन्हा फटीत घातलं. या वेळी ते अंगठीपाशी अडकलं. तिने जरा दाबून पाहिलं.

"सकाळी जात होतं," ती म्हणाली.

एकुवाने तापलेल्या काँक्रीटवर तळवा ठेवला.

"चल, घरी केंकी गार होईल," माआमे म्हणाली. पण बोट तिने बराच वेळ काढलं नाही.