पदरचा शब्द

डॉक्टर बोलून थांबले आणि दुभाषी बाईंची पंचाईत झाली.

डॉक्टर, बाई आणि आजोबा वॉर्डच्या दाराशी उभे होते. आत खाटेवर आजी होत्या. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली, त्याला आज बारा दिवस झाले होते. आजोबांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं होतं, "पुन्हा बोलेल ना ती?" डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, आजोबांना इंग्रजी. डॉक्टर म्हणाले होते, "शी विल शुअरली स्पीक."

सर्टनली म्हणाले असते तर प्रश्नच नव्हता. सर्टनली माणूस तपासण्या बघून म्हणतो. शुअरली म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला तसं व्हावंसं वाटत असतं. एकोणीस वर्षं दवाखान्यांतून हेच काम केल्यावर बाईंना एवढं कळत होतं. आणि बोलणाऱ्याच्या बोलण्यात पदरचं काही घालायचं नाही, हा त्यांचा नियम होता. त्यापायी त्यांनी भल्याभल्यांचे रुसवे ओढवून घेतले होते.

त्यांनी डॉक्टरांना विचारून पाहिलं, "शुअरली की सर्टनली?"

डॉक्टर फाईल चाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "शुअरली."

बाई आजोबांकडे वळल्या. काम ते काम. "आजोबा, त्या बोलतील असं डॉक्टरांना मनापासून वाटतंय. खात्रीने मात्र म्हणाले नाहीत."

"बरं," आजोबा म्हणाले. पुन्हा म्हणाले, "बरं." त्यांनी रुमालाने तोंड खसखसून पुसलं आणि आत गेले. बाईही मागोमाग गेल्या.

आजोबा खाटेशी वाकले. "अगं, डॉक्टरांना भेटलो. तू नक्की बोलणार आहेस. अगदी नक्की म्हणाले! तेव्हा काय ओरडायचं ते साठवून ठेव."

आजी हसल्या नाहीत. नवऱ्याच्या थापा ऐकण्यात त्यांचा जन्म गेला असावा. त्यांनी डोळे वळवून सरळ दुभाषी बाईंकडे पाहिलं. मग आजोबांनीही पाहिलं, चोरी पकडली गेल्यासारखं.

बाई पुढे झाल्या. त्यांनी आजींचा हात हातात घेतला.

"नक्की म्हणाले, आजी. भाषांतर मीच तर केलं."