लग्नाआधीचं वजन

"एकदा गाडीवर बस ना गं वहिनी, किती दबते ते मोजून तरी बघू," काडी तिसऱ्यांदा म्हणाली, आणि वहिनीने तिसऱ्यांदा गुडघा चोळत तोंड फिरवलं.

काडी म्हणजे तिची धाकटी नणंद. अंगाने खरंच काडी, पण हातात पाना आला की भल्याभल्यांना भारी पडायची. शर्यतीच्या या चारचाकी क्वाड बाइकचं इंजिन तिने एकटीने खोलून परत बांधलं होतं, पुढचे दोन आणि मागचा एक असे धक्के झेलणारे तिन्ही शॉकअप स्वतः बसवले होते. ही गाडी पळताना बघून लोक आपल्याकडे कामं आणतील, आपलं स्वतःचं गॅरेज उभं राहील, अशी तिला आशा होती. आणि आज पहिल्याच फेरीत मोठ्या उडीवरून उतरताना तीच गाडी सगळ्यांदेखत तळाला ठक्कन आदळली, उसळली, आणि ती चालवणारी वहिनी मातीत.

आता दुसरी फेरी तेवढी उरली होती. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी स्टँडवर चढवलेली आणि काडी तिच्याखाली आडवी. तेल गळत नव्हतं. रॉड वाकला नव्हता. दोष कुठे सापडत नव्हता, आणि सापडत नव्हता म्हणूनच तिचा चेहरा उतरत चालला होता.

"अगं, सेटिंग बरोबर होतं," ती खालून म्हणाली. "चालवणाऱ्याच्या वजनावरच स्प्रिंग ठरते. तुला गॅरेजवर यायला जमेना, म्हणून तू सांगितलंस तेवढ्या वजनाची वाळूची पोती सीटवर ठेवली. गाडी हवी तेवढीच दबली. मी टेपने मोजलं होतं."

वहिनी पुन्हा गुडघा चोळू लागली. जमेना वगैरे काही नव्हतं. या शिडशिडीत पोरीसमोर गाडीवर बसून आपण किती दबतो ते मोजून घ्यायचं, हेच जिवावर आलं होतं. काडीने फोनवर वजन विचारलं तेव्हा तिने लग्नाआधीचं सांगून टाकलं. त्यानंतर दोन मुलं झाली होती, आणि मुलांच्या ताटातलं उरलेलं कोण संपवतं ते साऱ्या घराला माहीत होतं.

शेजारच्या गाळ्यातला मेकॅनिक पत्र्याला टेकून मजा बघत होता. "पोती ठेवून गाड्या सेट होतात होय, ताई?" तो म्हणाला. "इंजिन बांधता आलं म्हणजे सगळं आलं असं नसतं." त्याचा धिप्पाड रायडर मागे बाकावर बसून हेल्मेट पुसत होता. तो नुसताच हसला.

काडी गाडीखालून बाहेर आली. हात पुसून ती एकेक पाना पेटीत टाकू लागली. "शर्यतीतून गाडी मागे घेतो म्हणून सांगून येते," ती म्हणाली. "तू परत पडलीस तर? स्प्रिंग मीच निवडली. मला यातलं काही कळतच नसेल."

"बरोबर आहे," वहिनीचा नवरा घाईघाईने म्हणाला. ती पडल्यापासून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "हौस भागली ना? चला आता घरी."

वहिनी पेटीत पडणारे पाने बघत राहिली. पडल्यावर लागलं नव्हतं इतकं तिला आता लागलं. लाज तर वाटतच होती, पण आपल्या लाजेपायी या मुलीने हातातलं काम टाकावं, हे तिला सहन होईना. ती उठली आणि शेडच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"काडे, पेटी ठेव खाली. तुझं काही चुकलेलं नाही. मी तुला वजन खोटं सांगितलं, लग्नाआधीचं. आता खरं ऐक."

आणि तिने खरं वजन सांगितलं, पत्र्यापलीकडे जाईल एवढ्या खणखणीत आवाजात. आकडा इथे देण्याची गरज नाही. साऱ्या शेडने ऐकला, तेवढं पुरे.

"मला तर तू..." नवरा बोलू लागला आणि शहाण्यासारखा चाकाकडे बघू लागला.

काडी बघतच राहिली. "मान मोडून घेतली असतीस, वहिनी!" रागाने तिचे डोळे भरून आले. मग नाक पुसून तिने पेटी सरळ उपडी केली आणि गाडी स्टँडवरून खाली घेतली. "बूट घाल. हेल्मेट, जॅकेट, सगळं चढव आणि बस."

वहिनी बसली. काडीने टेप लावली, ओठ चावला आणि घरच्या मोटारीच्या डिकीतून जाड तारेच्या स्प्रिंगा काढून आणल्या. असू देत म्हणून त्या घेतल्याच होत्या. दुसऱ्या फेरीचा भोंगा वाजायच्या आत तिन्ही बदलायच्या होत्या. नवऱ्याला तिने चाक धरायला बसवलं. वहिनीने दुसरा पाना उचलला आणि बोटं सोलली तरी स्प्रिंगांच्या रिंगा आवळत राहिली.

दुसऱ्या फेरीत मोठी उडी आली तेव्हा वहिनीने अंगठ्याखालचा गॅसचा खटका सोडला नाही. गाडी खाली आली, दबली आणि तिला अलगद उचलून पुढे निघाली. ठोका बसलाच नाही. वहिनी हेल्मेटच्या आत एकटीच मोठ्याने ओरडली. नंबर पाचवा आला, पण काडीने मारलेली मिठी पहिल्या नंबराची होती.

दोघी गाडी घेऊन शेडमध्ये परतल्या, तर शेजारचा धिप्पाड रायडर आपली क्वाड ढकलत त्यांच्याच गाळ्याशी येऊन उभा होता. त्याचा मेकॅनिक जवळपास नाही याची त्याने खात्री करून घेतली.

"ताई, जरा आमच्याही गाडीचं बघाल का?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "म्हणजे... वजन मी आपलं अंदाजानेच सांगितलं होतं."

काडीने टेप उचलली.

"बसा," ती म्हणाली. "आणि पोट आत ओढू नका."