तीनशे चाळीसपैकी दोनशे दहा

"आंटी, गोड बोला," माइक हातात देता देता जोजो अराबाबाईंच्या कानात कुजबुजला. "नानांनी अजून पहिली प्रत घेतलेली नाही."

समुद्रकाठच्या सॉल्टपाँड गावातल्या चर्चच्या सभागृहात आजवर जेवढी पुस्तकं प्रकाशित झाली, त्या सगळ्यांचं सूत्रसंचालन जोजोनंच केलेलं. रीत त्याला तोंडपाठ होती. आधी प्रार्थना, मग समीक्षकाचं भाषण, मग बँड. मग गावचे प्रमुख नाना पहिली प्रत विकत घेणार आणि त्यांच्या मागोमाग बाकीचे, मानाच्या उतरत्या क्रमानं. समीक्षकाचं काम एवढंच, की खिशाकडे निघालेला कुणाचा हात वाटेत थबकू नये. त्यासाठी पुस्तक वाचावंच लागतं असं नाही. आजचा लेखक फिफी आर्कोफुल याच्या मागच्या कादंबरीतल्या लग्नाच्या प्रसंगाचं समीक्षकांनी चांगली दहा मिनिटं कौतुक केलं होतं. कादंबरीत लग्न नव्हतं. फिफीनंही टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हणून या तिसऱ्या कादंबरीच्या वेळी तो स्वतः अराबाबाईंच्या दारात आला. बाईंनी तीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलेलं. "आंटी, तुम्ही वाचून बोला," तो म्हणाला. "मी लिहितो ते कुणी वाचतं का, एवढंच मला कळू दे. याही खेपेला तसंच झालं, तर मी आपला औषधांच्या दुकानात बसेन. खोकल्याच्या बाटलीवरचं तरी लोक वाचतात."

बाईंनी वाचली. दोनदा. आणि त्यांची पंचाईत झाली. कादंबरी सरळ वाईट असती तर सोपं होतं; वाईट पुस्तकाबद्दल खोटं बोलायला फारसा त्रास पडत नाही. ही जराशीच निराश करणारी होती, आणि कुठल्या पानापासून करते हे बाईंना ठाऊक होतं. समोर पहिल्या रांगेत फिफीची आई नवं कापड नेसून, डोक्याला त्याच कापडाचा रुमाल बांधून, हातपंख्यानं वारा घेत बसली होती.

"या पुस्तकाची तीनशे चाळीस पानं आहेत," बाई माइकमध्ये म्हणाल्या. "त्यातली दोनशे दहा मला आवडली."

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. जोजो बँडकडे बघू लागला.

"क्वेकू कोळी पहिल्या पानावर होडी पाण्यात ढकलतो, तेव्हा माझ्या खोलीत मासळीच्या धुराचा वास आला. मी उठून चूल बघून आले. पण नव्वदाव्या पानावर क्वेकूला देशाबद्दल मत सुचतं, आणि मग एकशे तीस पानं तो बोलतच सुटतो. माझा जन्म या किनाऱ्यावर गेला. जाळं ओढताना भाषण करणारा कोळी मला भेटलेला नाही. शिव्या देणारे पुष्कळ भेटले. त्या ऐकण्यासारख्या होत्या."

मागच्या बाकांवर हशा झाला. तिथे कोळी बसले होते.

"त्याची बायको अदवोआ. सबंध पुस्तकात तिच्या तोंडी अकरा वाक्यं आहेत. अकराही चांगली आहेत. बारावं येईल म्हणून मी शेवटपर्यंत वाट पाहिली."

आईचा पंखा थांबला. फिफी खाली आपल्या बुटांकडे बघत होता.

नाना बाजूला झुकले. भरल्या सभेत नाना स्वतः बोलत नाहीत; शेजारी सोनेरी काठी घेऊन उभा असलेला माणूस बोलतो. तो म्हणाला, "नाना विचारतात, म्हणजे पुस्तक वाईट आहे का?"

"नानांना सांगा, वाईट नाही. ज्याला रस्सा येतो त्यानंच केलेला रस्सा आहे. फक्त मध्येच फोन आला, आणि तो बाहेर जाऊन बराच वेळ बोलत बसला."

कुणीतरी हसलं आणि नाना हसत नाहीत असं बघून गप्प झालं. बाई खुर्चीवर बसल्या. झालं, त्यांना वाटलं, औषधांच्या दुकानाला आज कायमचा माणूस मिळाला.

"आता लेखक आभार मानतील," जोजो घाईघाईनं म्हणाला.

फिफीच्या खिशात आभाराचा कागद होता. तो त्यानं काढला नाही. माइक हातात घेऊन, नानांना नमस्कारही न करता, तो बाईंकडे वळला. "आंटी, अदवोआचं अकरावं वाक्य कुठलं?"

"'तू जा समुद्रावर, होडी मी विकली आहे,'" बाई म्हणाल्या. "आणि हे ऐकून तो शहाणा चार पानं लोकशाहीवर बोलतो. मी असते तर तिथून निघून गेले असते."

फिफी आधी नाकातल्या नाकात हसला, मग मोठ्यानं.

"तीही निघालीच होती, आंटी. मीच तिला अडवून ठेवली. म्हटलं, क्वेकूचं भाषण कोण ऐकणार?"

"मी ऐकलं की. पुरे झालं."

टेबलावर लाल फीत बांधलेली पहिली प्रत होती. फिफीनं तिची फीत सोडली, तो व्यासपीठाच्या पायरीवर जाऊन बसला, पुस्तक मांडीवर उघडलं आणि पेन काढून एका पानावर वरपासून खालपर्यंत रेघ मारली. मग पुढच्या पानावर.

"फिफी," आई दबक्या आवाजात म्हणाली, "नानांचं पुस्तक आहे ते."

"म्हणूनच, आई."

जोजोनं बँडला खूण केली. ट्रम्पेटवाल्यानं ट्रम्पेट ओठांना लावलं. नानांनी एक बोट वर केलं, तसं ट्रम्पेट पुन्हा मांडीवर आलं. नाना काठीवाल्याच्या कानाशी झुकले आणि या वेळी बराच वेळ बोलले.

"नाना म्हणतात, लेखकानं सावकाश करावं," काठीवाल्यानं सांगितलं. "आणि अदवोआ निघून कुठे जाते, तेही लिहावं. नाना बसले आहेत."