राहिलेलं एक कार्ड

"कार्ड हरवलंय," अंडेवाली मावशी म्हणाली आणि तिने रिकामी टोपली काउंटरवर ठेवली, जणू हवं तर यात शोधा.

"मागच्या वेळीही हरवलेलंच होतं," कार्डसाहेब म्हणाला.

"मग? मधेच सापडून पुन्हा हरवेल होय?"

रांगेत हशा पिकला. काचेमागच्या कॅशियरने मान खाली घालून हसू गिळलं.

कार्डसाहेब हे नाव गावाने दिलेलं. बँकेच्या मुख्य कचेरीने त्याला एका प्रश्नाचा छडा लावायला धाडलं होतं: गावातली माणसं कार्ड का वापरत नाहीत? दारातच पैसे काढायचं यंत्र बसवलेलं, त्याच्या खोलीत गारवा, आणि माणसं मात्र काउंटरच्या रांगेत घामाघूम. उत्तरं ढिगाने मिळाली. न्हाव्याने कार्ड पेटीत कुलूपबंद ठेवलं होतं आणि किल्ली कुठे ठेवली ते त्याला आठवत नव्हतं. शिंप्याने गुप्त क्रमांक विसरू नये म्हणून दुकानाच्या दारावर खडूने लिहिला होता, आणि आता कार्ड चोरीला जाईल या धास्तीने ते बँकेनेच सांभाळावं असा त्याचा आग्रह होता. दूधवाल्याचं दुखणं निराळंच. "यंत्र 'काय, बरं आहे ना' असं विचारत नाही हो."

कार्डसाहेबाने एकेकाला हाताला धरून यंत्रापुढे उभं केलं. सेवाभाव वगैरे काही नव्हता. शाखेतल्या प्रत्येक खातेदाराच्या हाती चालतं कार्ड दिसलं की त्याची घरी बदली, असं वरून कबूल झालं होतं. घरी बायको होती आणि मुलगी होती. तो निघाला तेव्हा मुलगी रांगत होती. आता ती फोनच्या पडद्यावर बोट ठेवून "बाबा" म्हणे. पडदा काळा असला तरी म्हणे. बायको हे हसत हसत सांगायची. त्याला काही हसू येत नसे.

आता एकट्या मावशीचं राहिलं होतं. बाजाराच्या दिवशी ती अंडी विकून यायची आणि मिळालेले पैसे खात्यात भरायची. काढायची मात्र कधीच नाही. मग काचेला तोंड लावून कॅशियरला हळूच काहीतरी विचारायची. कॅशियर संगणकात बघून मान डोलवायचा. एकदा त्याने नकारार्थी मान हलवली, तर ती बाकावर बसूनच राहिली आणि जाताना टोपली विसरली.

गावगप्पा, दुसरं काय! "खेड्यातल्या ग्राहकाला पैसे नको असतात, गप्पा हव्या असतात," असं कार्डसाहेबाने अहवालात लिहिलं आणि त्या वाक्यावर स्वतःच खूश झाला.

"मावशी, नवीन कार्ड देतो."

"नको. आहे ते सापडेल."

"आणि कोणाच्या हाती लागलं तर?"

"लागू दे. मला कुठे महाल बांधायचाय!"

शेवटी त्याने तिच्या नवऱ्याला गाठलं. गवंडीकाका एका भिंतीवर ओळंबा सोडून उभा होता. माणूसही ओळंब्यासारखाच. एकदा ठरवलं की इकडे नाही, तिकडे नाही.

"काका, मावशींच्या एका सहीसाठी माझं घर अडलंय."

"लेकरं आहेत?"

"एक मुलगी. रांगत होती, आता चालते म्हणे."

काका थापी धुता धुता थांबला. "जा बाबा लवकर. पोरं वाट बघत थांबत नाहीत." मग खाकरून म्हणाला, "उद्या आणतो तिला."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. कॅशियर भाचीच्या लग्नाला गेलेला. मावशी काचेपलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली.

"तुमच्यामागे वारस कोण लावू?" कार्डसाहेबाने विचारलं. "मूलबाळ?"

"होता एक. आता नाही," काका म्हणाला.

रांगेतली माणसं एकाएकी भिंतीवरचं घड्याळ बघू लागली.

"साहेब, कॅशियर आला की करू ना," मावशी म्हणाली.

"कॅशियर कशाला? एक बटण तर दाबायचं! जुनं कार्ड कायमचं बंद, नवीन तुमच्या हातात."

"कायमचं?"

"अगदी कायमचं. पुन्हा कोणी म्हटलं तरी चालू होणार नाही."

मावशीने पेन खाली ठेवलं.

"सही कर," काका म्हणाला. "आपल्या घरातल्या माणसापायी दुसऱ्याचं लेकरू बापाविना राहिलेलं मला चालायचं नाही."

मावशीने कार्डसाहेबाकडे बघितलं. "मुलगी खरंच वाट बघते तुमची?"

"दारात बसते म्हणे, मावशी."

तिने पेन उचललं. सही ओळीबाहेर गेली, पण झाली.

कार्डसाहेबाने बटण दाबलं. इतके महिने त्याच्या छातीवर असलेलं ओझं क्षणात उतरलं. त्याला घराचं दार दिसलं, दारातली मुलगी दिसली. काम चोख व्हावं म्हणून त्याने जुन्या कार्डाचे व्यवहार उघडले आणि खुर्चीतून उठलाच.

"अहो काका, हे बघा! हरवलेल्या कार्डावर कोणीतरी पैसे काढत होतं! इथे नाही, दूर तिकडे, परमुलखात. थोडे थोडेच काढलेत, जेवणापुरते. मावशी बिचाऱ्या भरतायत आणि चोर खातोय! बरं झालं, आज त्याची रसदच तोडली."

शाबासकी मिळेल म्हणून तो थांबला. काकाने टेबलाची कड घट्ट धरली.

"शेवटचे कधी काढले?"

"आज सकाळीच."

काका वळला. बायको पायाखालच्या फरशीकडे बघत होती.

"पोरगा जिवंत आहे," तो म्हणाला, "हे मला का नाही सांगितलंस?"