तिकडचे कावळे

दुपारी नळ सोडला तर हात भाजतो, हे फोनवरून ऐकल्यावर हिंदुराव मोकळेपणी हसले. बुवापाड्यात नळाला पाणी यायचीच मारामार, आणि तिकडे कुवेतमध्ये म्हणे अंघोळीचं पाणी आदल्या रात्री बादलीत भरून निववावं लागतं.

शुक्रवारी पोराला सुट्टी, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी फोन. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेल्यापासून हिंदुरावांना आठवड्याचा तेवढाच एक सण. सून अक्षदा फोन लावायची, स्पीकर चालू करून त्यांच्या हातात द्यायची आणि भांडी घासायला मोरीत जायची. नवऱ्याशी मी कामावरून बोलून घेते, म्हणायची. उल्हासनगरात कॅम्प दोनला ती जीन्स शिवायला जात असे. बांगड्या मशीनमध्ये अडकतात म्हणून तिनं हल्ली त्या काढूनच ठेवल्या होत्या. घरात ती कुठे आहे हे हिंदुरावांना आता पावलांवरून ओळखावं लागे.

सुयोग मे महिन्यात गेला. गल्लीतलाच अभिजीत, त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार, बरोबर होता. दोघं एकाच साइटवर, एकाच खोलीत. सुरुवातीला सुयोग फोनवर मोजकंच बोलायचा. जेवलो, झोपतो, गोळ्या वेळेवर घ्या, संपलं. हिंदुराव दर खेपेला एकच विचारायचे, परत कधी येतोस.

आषाढात अक्षदाची आई आजारी पडली. अक्षदा वांगणीला माहेरी जाऊन राहिली, शेजारच्या नूतननं हिंदुरावांना दोन्ही वेळचं रांधून घातलं, आणि तेवढे दिवस फोनही नव्हता. अक्षदा परतली तसे फोन पुन्हा सुरू झाले. सुयोगचा आवाज बसला होता. तिकडची धूळ, अक्षदा म्हणाली. जीभ मात्र सुटली होती. परदेशात माणूस बोलका होतो म्हणतात, ते खरंच असावं.

तेव्हापासून हिंदुरावांनी बसल्या जागेवरून ते शहर पालथं घातलं. भर दुपारी तिथे रस्त्यावर कुणी दिसत नाही, आणि दिवे लागले की माणसं लेकराबाळांसकट बाहेर पडतात. वाळूचं वादळ उठलं की दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबायचे, तरी भातात वाळू कचकचतेच. रोटी ताटाएवढी मोठी. खारी मात्र शोधून मिळत नाही. हे ऐकून हिंदुराव हळहळले, कारण सुयोगचा चहा खारीशिवाय व्हायचा नाही.

आणि तिथे कावळे होते. वाळवंटात कावळे हे काही हिंदुरावांना पटेना. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं.

"आहेत ना, बाबा," तिकडून उत्तर आलं. "आपल्याकडच्यासारखेच. खोलीच्या खिडकीत येऊन बसतात."

त्या दिवशी फोन संपल्यावरही हिंदुराव कितीतरी वेळ तो हातात धरून बसले होते. अक्षदानं त्यांची नाडी पाहिली. गेल्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला होता, आणि मनाला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. बिचारी जिवापाड जपायची. ते नाक्यावर गेले की गप्पा मारणारे एकदम गप्प व्हायचे. आजारी माणसाला त्रास नको, हेही बहुधा तिनंच सांगून ठेवलं असणार.

परत कधी येतोस हे विचारणं त्यांनी सोडून दिलं. पोराच्या जिवाला घोर कशाला लावायचा? त्यापेक्षा ते अभिजीतची चौकशी करत. जेवतो का, उन्हात डोक्याला काही बांधतो का? त्याला ना आई ना बाप, कुणीतरी विचारायला हवंच की.

"बरा आहे तो," जरा थांबून उत्तर येई.

पितृपक्ष संपत आला. सर्वपित्रीला त्यांच्या घरी दोन पानं वाढत, एक हिंदुरावांच्या वडिलांचं, एक बायकोचं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आणि गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते. बायकोच्या पानावर गोड सुपारी ठरलेली. आदल्या सकाळी, शुक्रवारीच, त्यांनी अक्षदाला सांगितलं की कॅम्प दोनच्या बेकरीतून खारी आण.

"तुम्हाला तेलातुपाचं चालत नाही, बाबा."

"घरात असू दे," ते म्हणाले.

ती पावशेर घेऊन आली. मग फोन लावून दिला आणि मोरीत गेली. नळाची धार आणि भांड्यांचा आवाज सुरू झाल्यावर हिंदुरावांनी फोन अगदी तोंडाशी धरला.

"उद्या सर्वपित्री," ते हळू आवाजात म्हणाले. "घरात खारी आणून ठेवलीय."

त्यांनी मोरीकडे कान देऊन पाहिलं. भांडी वाजतच होती.

"तिकडे कावळे आहेत म्हणालास ना? मग उद्या खिडकीत सुयोगच्या नावाचा एक घास ठेव. शेवटचं तो तिथेच जेवला." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "आणि पुढच्या शुक्रवारी फोन चुकवू नकोस, अभिजीत. मला कळलंय हे अक्षदाला समजलं, तर तिला सोसायचं नाही."