आसरांची जागा

"चप्पल काढा!" अनसाबाई एकदम बोलून गेल्या.

नवऱ्यासोबत जागा बघायला आलेली तरुणी मोकळ्या अंगणात थबकली. "इथं? का हो मावशी?"

दलालाने कपाळावर हात मारला. अंगणातल्या बुजवलेल्या विहिरीचं ऐकून आधीची दोन गिऱ्हाइकं परत गेली होती. म्हणून आज त्याने पाण्याच्या देवतांचे, साती आसरांचे, शेंदूर फासलेले दगड तिथून उचलून गोठ्यात लपवले होते. पण रोज अनवाणी जाऊन तिथं फूल वाहणाऱ्या बाईंची जीभ कशी लपवणार?

"तुझ्या पायाखाली विहीर आहे, पोरी," अनसाबाई म्हणाल्या. "गावात नळ आले तेव्हा आमच्या घरधन्यांनी बुजवली. वर घर बांधलंस तर भिंती खचतील. जागा नको असेल तर नको घेऊस, पण मी लपवून विकणार नाही."

"झालं! बसा आता जागा कवटाळून," दलाल पुटपुटला.

तरुणीने चपला काढल्या. माती पायाला गार लागली तशी ती नवऱ्याकडे वळली. "घर मागे सरकवू या का?" मग तिने विचारलं, "मावशी, उन्हाळ्यात आटायची का हो?"

"कधीच नाही. अख्खी आळी इथं पाणी भरायची."

"मग परत उकरू. पाणी लागलं की पहिली घागर तुम्ही ओढायची."

अनसाबाईंनी दलालाकडे बघितलं.

"जा, माझ्या आसरा गोठ्यातनं घेऊन ये. आणि हो, चप्पल काढून जा."