देणगीचं झाड

एक्स-रे खोलीबाहेरच्या अरेलियाच्या कुंडीला दोघा शिपायांनी हात घातला, तसा मावशीने फडका बादलीत आपटला.

"ठेवा खाली! कुठे नेताय?"

"पोर्चमध्ये. साहेबांनी सांगितलंय."

देणगीदार साहेब मागे उभेच होते, शेजारी मेट्रनबाई. साहेबांच्या नावाची पितळी पाटी सकाळीच कुंडीवर बसली होती. त्यांनी एक पान चिमटीत धरलं.

"मी दिलेलं रोप! केवढं झालंय. आणि असं अंधारात कोंडलंय? येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे की."

"उन्हात आठ दिवसांत करपेल ते, साहेब. सावलीतलं झाड आहे."

मेट्रनबाईंनी डोळे वटारले. "मावशी, तुमचं काम फरशीचं."

फरशी झाली की मावशी रोज ओल्या फडक्याने या झाडाचं पान न् पान पुसायची. बोटाने माती चाचपल्याशिवाय पाणी घालायची नाही. झाड एका अंगाला झुकू नये म्हणून कुंडी मधूनमधून फिरवायची. नऊ वर्षं हे चाललं होतं, आणि मेट्रनबाई ते रोज बघत होत्या.

"साहेबांचं झाड आहे," त्या म्हणाल्या. "ते म्हणतील तिथे राहील."

"साहेबांचं?" मावशीचा आवाज चढला. बाकावरचे पेशंट वळून बघू लागले. "यांचं झाड पोर्चमध्येच वाळलं. फोटो चांगला येतो म्हणून यांनीच उन्हात ठेवायला लावलेलं. मग मेट्रनबाई, तुम्हीच म्हणालात ना, 'मावशी, कुठून तरी तसलंच आणून लावा, बोभाटा नको'? ही फांदी माझ्या घरची आहे. माझ्या मोरीमागे रुजलेली."

मेट्रनबाई हातातल्या कागदांची चळत सारखी करू लागल्या.

साहेब हसले. "अहो बाई, काहीही काय बोलता? पुरावा आहे का काही?"

मावशी तडक वळली. तीन जिने चढून गच्चीवर गेली. खाली आली ती धापा टाकतच. छातीशी एक तडकलेली कुंडी होती, कुंडीत वाळकी काडी. कुंडीच्या पोटावर रंगाने लिहिलेलं साहेबांचं नाव उडालं होतं, पण वाचता येत होतं.

ती कोणाकडे न बघता पोर्चमध्ये गेली. सगळी तिच्यामागे आली. भर उन्हात, मधोमध, तिने कुंडी ठेवली आणि मनगटाने घाम पुसला.

"हे तुमचं," ती म्हणाली. "याला ऊन चालतं."